अकाली लिहिलेले मृत्युलेख

मुख्यमंत्र्याचा राजीनामा राजभवनावर पोचायचा अवकाश, की इकडे त्याच्या राजकीय मृत्युलेखाची शाई वाळलेली असते. ‘एका पर्वाचा अस्त’ हा मथळा तर तयारच असतो, नाव तेवढं बदलायचं. रात्रीच्या चर्चेत जाणकार मंडळी गंभीर चेहऱ्यानं सांगतात की आता कार्यकर्ता पांगणार, मध्येच मैदान सोडणाऱ्याला मतदार माफ करत नाही आणि पक्षही उतरलेल्या घोड्यावर पुन्हा पैसा लावत नाही. हे इतक्या वेळा बोललं आणि छापलं गेलं आहे की त्याला पुरावा मागायचंही कुणाला सुचत नाही.

मी मागतो. निदान महाराष्ट्रापुरता तरी हा सिद्धांत साफ चुकीचा आहे. नुसता चुकीचा असता तरी एक वेळ चाललं असतं. तो राजकारण्यांच्या सोयीचा आहे, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे.

आधी साधी गोष्ट पाहू. १९६० पासून या राज्यात २० जण मुख्यमंत्रिपदावर बसले. त्यांतल्या पाच वर्षांची अखंड मुदत पुरी करणाऱ्यांची नावं घ्यायला सांगितली, तर वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस या दोघांवर यादी थांबते. बाकी सगळे अधेमधे आले किंवा अधेमधे गेले. कन्नमवार पदावर असतानाच वारले, बाळासाहेब सावंत काही दिवसांपुरते हंगामी होते, यशवंतराव चव्हाण चीन युद्धाच्या धामधुमीत संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. बाकीच्यांना कुणी काढलं, कुणी पाडलं, काहींना न्यायालयानं अडचणीत आणलं. मुदतीआधी जाणं म्हणजे संपणं असतं, तर महाराष्ट्राचं राजकारण १९८० च्या आसपासच बंद पडायला हवं होतं. इथे मुदतीआधी जाणं हा अपवाद नाहीच. अपवाद आहे मुदत पुरी करणं.

आता २००३ आणि २००४ या दोन वर्षांकडे जरा बारकाईनं बघा, कारण मृत्युलेखवाल्यांचं सगळं गणित तिथे उलटंपालटं होतं. जानेवारी २००३ मध्ये काँग्रेसश्रेष्ठींनी विलासराव देशमुखांना उतरवलं. सव्वातीन वर्षं झाली होती, आघाडीत कुरबुरी होत्या, पक्षांतर्गत तक्रारी दिल्लीच्या वाऱ्या करत होत्या. त्यांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले. शिंद्यांनी पावणेदोन वर्षं कारभार केला आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली २००४ ची विधानसभा निवडणूक लढवली गेली. आघाडी जिंकली. राष्ट्रवादीला ७१, काँग्रेसला ६९ जागा. तरीही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिलं. मग शपथ कुणी घेतली? ज्याला काढलं होतं त्या विलासरावांनी. ज्यानं निवडणूक जिंकून दिली त्या सुशीलकुमारांची रवानगी हैदराबादच्या राजभवनात झाली. काढलेला परत आला आणि जिंकलेला राज्यपाल झाला. ज्यांनी २००३ मध्ये विलासरावांना निरोपाचे लेख लिहिले होते, त्यांनी २००४ मध्ये शिंद्यांना लिहिले असणार. तेही चुकलेच. शिंदे २००६ मध्ये केंद्रात ऊर्जामंत्री झाले आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री.

याच विलासरावांना १९९५ मध्ये लातूरकरांनी विधानसभेत पाडलं होतं. चार वर्षांनी ते मुख्यमंत्री होते. म्हणजे त्यांचा ‘शेवट’ माझ्या मोजणीप्रमाणे तीन वेळा झाला.

हे काँग्रेसच्या उतरत्या काळातलं म्हणाल, तर मागे चला. वसंतदादा पाटलांना १९७६ मध्ये मंत्रिमंडळाबाहेर काढलं गेलं. त्यांनी राजकारणातून संन्यास जाहीर केला आणि सांगली गाठली. संन्यास वर्षभरही टिकला नाही; मे १९७७ मध्ये दादा मुख्यमंत्री होते. जुलै १९७८ मध्ये त्यांच्याच मंत्रिमंडळातले शरद पवार आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले आणि दादांचं सरकार कोसळलं. दादा १९८० मध्ये सांगलीतून लोकसभेवर गेले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. जून १९८५ मध्ये, निवडणूक जिंकून तीन महिने होतात न होतात तोच, प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केल्याच्या रागातून त्यांनी पद फेकलं आणि काही महिन्यांनी राजस्थानचे राज्यपाल झाले. त्यांना पाडणाऱ्या पवारांचं सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्रानं बरखास्त केलं. तेही संपले नाहीत. सहा-सात वर्षं विरोधात काढून १९८६ च्या अखेरीस औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये परतले आणि १९८८ च्या जूनमध्ये त्याच खुर्चीत बसले. पाडलेलाही परत आला, पाडणाराही परत आला.

यावर एक हुशार बचाव येतो. ‘हे सगळे राजकीय डावपेचांत गेलेले, डाग लागून गेलेला परत येत नाही.’ असं म्हणणाऱ्यांना आपल्या राज्याचा इतिहास कुणीतरी वाचून दाखवायला हवा. सिमेंट प्रकरणात न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये बॅरिस्टर अंतुले गेले. तो राजीनामा या राज्यातला सर्वांत गाजलेला म्हणता येईल. अंतुले १९८९ मध्ये लोकसभेत होते, नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले आणि २००६ मध्ये अल्पसंख्याक कार्यमंत्री. मुलीच्या एम.डी.च्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं ताशेरे ओढल्यावर मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले. पुढे सुशीलकुमारांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. ‘आदर्श’ प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण गेले. २०१४ च्या मोदी लाटेत राज्यातून काँग्रेसचे दोनच खासदार निवडून आले, त्यांतले एक नांदेडचे अशोकराव. पुढच्या वर्षी प्रदेशाध्यक्ष, २०१९ मध्ये बांधकाममंत्री, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्ष बदलून भाजपचे राज्यसभा सदस्य.

आणि २६/११? त्या हल्ल्यानंतर ताज हॉटेलच्या पाहणीला चित्रपट दिग्दर्शक सोबत नेल्यावरून विलासरावांना जावं लागलं, एका वाक्यावरून गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटलांना जावं लागलं. सगळा देश संतापलेला होता. मे २००९ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, विलासराव केंद्रात अवजड उद्योगमंत्री होते. वर्ष व्हायच्या आत आबा पुन्हा गृहमंत्री होते. दुसरं कुठलं नाही, तेच खातं. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षं पुनर्वसनाच्या फायली घेऊन हेलपाटे घालतात, आणि आपल्याकडे माजी मंत्र्याचं पुनर्वसन दोन अधिवेशनांच्या मध्ये उरकतं.

‘मतदार माफ करत नाही’ या म्हणण्यात तर गंमतच आहे. मतदाराला विचारलंय कुणी? राज्यपालपद, राज्यसभा, विधान परिषद, महामंडळ: परतीच्या या सगळ्या वाटा मतपेटीला वळसा घालून जातात. जानेवारी १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांच्या एका आदेशानं मनोहर जोशी पायउतार झाले. त्याच वर्षी ते केंद्रात मंत्री झाले, २००२ मध्ये थेट लोकसभेचे अध्यक्ष. २००४ मध्ये मुंबईच्या मतदारांनी त्यांना पाडलं. २००६ मध्ये ते राज्यसभेत होते. नारायण राणे २०१४ मध्ये कुडाळला हरले, २०१५ मध्ये वांद्र्याच्या पोटनिवडणुकीत हरले, २०१८ मध्ये राज्यसभेत गेले आणि २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री झाले. मतदारानं नाही म्हटलं, ते दोनदा म्हटलं, पण त्याला ऐकतो कोण? उलट, मतदाराचा कौल जिथे खरोखर बोचला तिथे राजीनाम्याचा संबंधच नव्हता. २००४ मध्ये निलंगेकर पडले, ते सख्ख्या नातवाकडून. अठरा वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेनं नव्हे, घरातल्या तिसऱ्या पिढीनं त्यांना पाडलं. पुढच्या निवडणुकीत आजोबांनी ती जागा परतही मिळवली.

मग माणूस टिकतो कशावर? मुंबईच्या स्टुडिओत बसून हे दिसत नाही, कारण ते मुंबईत नसतंच. नोव्हेंबर-डिसेंबरात एखाद्या साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात जाऊन पाहा. शेतकऱ्याचा आडसाली ऊस सोळा-सतरा महिने रानात उभा आहे. तुरा येऊ लागला आहे आणि तुरा आला की वजन घटतं. टोळी कधी येणार, हे कारखान्याच्या शेती खात्यातला माणूस ठरवतो, आणि तो माणूस संचालकाचं ऐकतो. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे मोटारसायकल घालून फिरणाऱ्या त्या शेतकऱ्याला मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर कोण बसतं याच्याशी त्या आठवड्यात काही देणंघेणं नसतं. त्याला तोड हवी असते. पोराला त्याच संस्थेच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश हवा असतो, भाच्याला जिल्हा बँकेत चिकटवायचं असतं, पीककर्ज त्याच गावच्या सोसायटीतून निघतं. मुंबईत ज्याला ‘माजी’ म्हणतात तो इथे अजून ‘साहेब’च असतो, आणि साहेबांच्या वाड्यासमोरच्या गाड्या फार तर निम्म्यानं कमी होतात. विलासरावांना मांजरा कारखाना होता, अशोकरावांना वडिलांपासून चालत आलेलं नांदेडचं संस्थांचं जाळं होतं, दादांना तर अख्खी सांगली होती. राजीनाम्याच्या पत्रात मुख्यमंत्रिपद लिहिलेलं असतं. कारखाना लिहिलेला नसतो.

पण नुसत्या कारखान्यावर सगळं ढकललं, तर मीही त्या जाणकारांइतकाच आळशी ठरेन. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं: खालच्या खुर्चीवर बसण्याची तयारी. १९७५ ते १९७७ मुख्यमंत्री राहिलेले शंकरराव चव्हाण १९७८ मध्ये आपल्याहून वीस वर्षांनी धाकट्या शरद पवारांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. मान खाली गेली असेल, पण माणूस आत राहिला. १९८६ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, १९८८ मध्ये पुन्हा काढले गेले, मग केंद्रीय अर्थमंत्री, मग १९९१ ते १९९६ केंद्रीय गृहमंत्री. त्यांचा मुलगा अशोकराव मुख्यमंत्री राहून पुढे उद्धव ठाकऱ्यांच्या हाताखाली मंत्री झाला. राणेही मुख्यमंत्री राहून नंतर काँग्रेसच्या सरकारांत महसूल नि उद्योग खाती सांभाळत बसले. इतर राज्यांत माजी मुख्यमंत्री असं उतरून बसायला सहसा तयार होत नाहीत, असं म्हणतात. मराठी राजकारणानं मात्र अपमान गिळण्याची कला फार लवकर आत्मसात केली. तिला मी गुण म्हणत नाही. पण ज्याला ती साधते, तो संपत नाही.

संपले कोण, तेही पाहायला हवं, नाहीतर माझाच लेख प्रचारपत्रक होईल. अंतुल्यांनंतर आलेले बाबासाहेब भोसले वर्षभर टिकले आणि गेले ते गेलेच. मुख्यमंत्रिपद काढून घेतलं तरी ‘माजी मुख्यमंत्री’ हे पद आता कुणी काढून घेऊ शकत नाही, असं ते म्हणाल्याचा किस्सा सांगतात. विनोद उत्तम होता. पण त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. त्यांचा स्वतःचा गट नव्हता, जिल्हा नव्हता. श्रेष्ठींनी आणलं, श्रेष्ठींनी नेलं. पृथ्वीराज चव्हाण मुदत संपायला आली असताना सप्टेंबर २०१४ मध्ये, राष्ट्रवादीनं पाठिंबा काढल्यावर गेले. त्यांच्यावर डाग नाही, हे विरोधकही मान्य करत. कराड दक्षिणनं त्यांना दोनदा विधानसभेत पाठवलं, २०२४ मध्ये पाडलं. या दहा वर्षांत त्यांच्या वाट्याला ना केंद्रात काही आलं, ना राज्यात मंत्रिपद. डागाळून गेलेले परत आले आणि स्वच्छ गेलेले बाहेर राहिले, हे लिहिताना आनंद होत नाही; पण आहे ते असं आहे. आणि एकनाथ खडसे मुख्यमंत्री नव्हते तरी त्यांचं उदाहरण टाळता येत नाही. जिल्हा होता, संस्था होत्या, चाळीस वर्षांचं काम होतं. जून २०१६ मध्ये भोसरीच्या जमिनीवरून महसूलमंत्रिपद सोडावं लागलं ते पुन्हा मिळालं नाही. शेवटी २०२० मध्ये पक्षच सोडावा लागला. म्हणजे जिल्हा असून भागत नाही. ज्यानं काढलं त्याला तुमची पुढे गरज लागणार आहे का, हाही प्रश्न असतो. काँग्रेसश्रेष्ठींना मराठवाडा विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र, मराठा विरुद्ध इतर अशी तराजूची पारडी सतत सांभाळायची असत, म्हणून काढलेलं वजन ते फेकून देत नसत. खडशांच्या पक्षाला त्या वजनाची गरज उरली नव्हती.

आता ज्या राजीनाम्यावरून हा वाद गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा पेटतो, तिकडे येऊ. २९ जून २०२२ ची रात्र. दुसऱ्या दिवशीच्या बहुमत चाचणीला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती नाकारली आणि काही वेळातच उद्धव ठाकऱ्यांनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. विधान परिषदेची आमदारकीही सोडत असल्याचं म्हणाले. ती मात्र सुटली नाही. आठवडाभर आधीच ‘वर्षा’वरून बॅगा निघाल्या होत्या आणि मातोश्रीपर्यंतच्या रस्त्यावर शिवसैनिक फुलं उधळत होते. त्या फुलांवरून काहींनी सहानुभूतीच्या लाटेचं भाकीत केलं, बाकीच्यांनी मृत्युलेख लिहिले. दोघेही उघडे पडले. २०२४ च्या लोकसभेत त्यांच्या पक्षानं २१ जागा लढवून ९ जिंकल्या, तेव्हा मृत्युलेखवाले तोंडावर पडले. सहाच महिन्यांनी विधानसभेत नव्वदहून अधिक जागा लढवून २० आल्या, तेव्हा सहानुभूतीवाले.

‘बहुमत चाचणीला सामोरे न जाता पळाले, म्हणून संपले’ हा युक्तिवाद मला विशेष तपासायचा आहे. कारण तंतोतंत तेच कृत्य अडीच वर्षांपूर्वी दुसऱ्या एकानं केलं होतं. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटेच्या त्या शपथविधीनंतर सर्वोच्च न्यायालयानं चाचणीची तारीख ठरवून दिली आणि फडणवीसांनी चाचणीच्या आदल्या दिवशी राजीनामा दिला. तेही सभागृहासमोर गेले नाहीत. ते मुख्यमंत्री म्हणून ५ डिसेंबर २०२४ ला परतले. कृती एकच असताना एक संपला आणि एक परतला, तर कारण त्या कृतीत नाही, एवढं तरी मान्य करा. फरक मागे काय उरलं याचा होता. फडणवीसांच्या मागे १०५ आमदार जागचे हलले नव्हते, पक्ष शाबूत होता, आणि ३० जून २०२२ ला, सरकारबाहेर राहीन असं संध्याकाळी सांगून झाल्यावर दिल्लीच्या सांगण्यावरून त्यांनी रात्री उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. चेहऱ्यावर जे दिसलं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण बसले.

ठाकऱ्यांकडे कारखाना नव्हता, जिल्हा बँक नव्हती. त्यांचा कारखाना म्हणजे पक्षच, आणि राजीनाम्याआधीच त्यातला मोठा हिस्सा एकनाथ शिंद्यांसोबत बंड करून गुवाहाटीत होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं नाव नि धनुष्यबाणही शिंदे गटाला दिला. राजीनाम्यानं त्यांचं खरं नुकसान झालं, पण ते लोकांच्या मनात नव्हे, न्यायालयात. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठानं राज्यपालांचा चाचणी बोलावण्याचा निर्णय योग्य नव्हता असं म्हटलं, आणि लगेच म्हटलं की ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वीची स्थिती परत आणता येत नाही. हरणार हे ठाऊक असूनही सभागृहात उभे राहून हरले असते, तर कदाचित पुढचा कायद्याचा रस्ता उघडा राहिला असता. भावनेच्या भरात घेतलेल्या निर्णयाची ही अगदी नेमकी, मोजता येणारी किंमत आहे. ‘पळपुटे’ म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही, आणि ‘खुर्चीचा मोह नसलेला माणूस’ म्हणणाऱ्यांनाही नाही.

मृत्युलेखांचा हा सिद्धांत राजकारण्यांच्या सोयीचा कसा, हे आता सांगतो. राजीनामा म्हणजे राजकीय मरण, असं एकदा ठरलं की शिक्षा झाली असं आपण समजतो. मेलेल्या माणसाला कोण प्रश्न विचारतो? सिमेंट, गुण, ‘आदर्श’, २६/११: प्रत्येक वेळी राजीनाम्याबरोबर संतापही ओसरला. खटले मात्र चालत राहिले, रखडले, वरच्या न्यायालयांत अडकले. ‘आदर्श’मध्ये अशोक चव्हाणांवर खटला चालवायला राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली, तेव्हा ती बातमी किती जणांनी पूर्ण वाचली? सात वर्षांपूर्वी ज्यांनी ‘अखेर’ लिहिली होती, त्यांच्या दृष्टीनं तो विषय संपला होता. ज्याला आपण मूठमाती दिली तो शांतपणे नांदेडमध्ये पुढच्या निवडणुकीची बूथनिहाय यादी तपासत होता.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर एकनाथ शिंद्यांचं घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुती प्रचंड बहुमतानं जिंकली आणि ज्यांच्या नावानं ‘लाडकी बहीण’ योजना घरोघरी पोचली होती, त्यांच्याच हातून मुख्यमंत्रिपद गेलं. शिंदे रुसून साताऱ्यातल्या दरे गावी जाऊन बसले असं म्हटलं गेलं, तब्येत बरी नाही असं सांगितलं गेलं, आणि त्यांच्या भवितव्यावर तासन्‌तास चर्चा झाल्या. त्या चर्चांत दोन प्रश्न क्वचितच कुणी विचारले: मागे किती आमदार आहेत, आणि हा माणूस एक पायरी खाली बसेल का. आमदार ५७ होते. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर त्यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, ज्याला अडीच वर्षांपूर्वी त्यांनी उपमुख्यमंत्री म्हणून शेजारी बसवलं होतं त्याच्याच हाताखाली. आणि खातेवाटप झालं तेव्हा नगरविकास त्यांच्याकडेच राहिलं.